कपाशीत बसून काढलेला चातुर्मास

भोकरदनच्या जैन स्थानकात यंदाही साध्वीजी चातुर्मासासाठी येऊन थांबल्या आणि त्याच आठवड्यात आमच्या संशोधन केंद्रावरची कपाशी गुडघ्याला आली. माझ्या आयुष्यात या दोन गोष्टी नेहमी एकदमच येतात. घरून फोन येतो, की आता हिरवी भाजी बंद, प्रवास जमेल तेवढा कमी कर. शेतावरून निरोप येतो, की मॅडम, तुडतुडे दिसायला लागलेत, लवकर या. आषाढ ते कार्तिक या चार महिन्यांत जमिनीवर जीव फार होतात, पाऊल टाकलं की खाली काहीतरी सापडतं, म्हणून आमचे साधू-साध्वी एका जागी थांबतात. नेमक्या त्याच कारणासाठी माझं काम त्या चार महिन्यांत सुरू होतं. मी कीटकशास्त्रज्ञ आहे. मी जैन आहे. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ म्हटली की समोरचा माणूस हसतो आणि त्या हसण्याचा मला अजूनही राग येतो.

मागच्याच आठवड्यात एका प्रशिक्षणात बाहेरून आलेले पाहुणे सांगत होते, की संशोधकाने आपला धर्म, जात, गाव हे सगळं प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवावं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बोलणाऱ्यांच्या मनगटाला लाल दोरा होता. तो त्यांचा रोजचा होता, म्हणून त्यांना दिसत नव्हता. मी मागच्या बाकावर बसून होते आणि माझ्या डोक्यात वाटूर फाट्याजवळचं एक रान उघडत चाललं होतं, दहाएक वर्षांपूर्वीचं, जिथे मी माझ्या पीएच.डी.चा पहिला हंगाम काढला. त्या हंगामात मीही चपला दाराबाहेर काढायचा प्रयत्न करून पाहिला होता. अनवाणी पायाने आत गेले तरी पाय माझेच होते.

बाबूजींचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भोकरदनच्या बाजारात दुकान आहे, बी-बियाणं, खतं आणि औषधांचं. औषधं म्हणजे फवारणीची. शेतकरी विषाला औषधच म्हणतो आणि दुकानदारही त्याला दुरुस्त करत नाही. आमचे लोक राजस्थानातून इकडे आले त्याला कैक पिढ्या झाल्या, घरात अजून मारवाडी बोलतात, पण बाबूजींचं गिऱ्हाइकाशी बोलणं ऐकलं तर कुणी म्हणणार नाही. दिवसभर ते अळीवर, माव्यावर, पांढऱ्या माशीवर कोणती बाटली चालेल ते सांगायचे आणि सूर्य मावळायच्या आत घरी येऊन जेवायचे, कारण दिव्यावर येणारा एखादा जीव ताटात पडला तर पाप लागतं. चातुर्मासात दुकानाची विक्री सगळ्यात जास्त आणि घरातले नियमही सगळ्यात कडक. लहानपणी मला यात काही विसंगत वाटलं नाही. मुलांना घर जसं असतं तसंच जग वाटतं.

मम्मी पाणी फडक्याने गाळायची. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर पाणी सोडायची आणि ते पाणी जिथून आणलं त्याच विहिरीत परत टाकायला मला पाठवायची. त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. गाळण्यात अडकलेला जीव दुसरीकडे कुठे टाकायचा नाही, ज्या पाण्याचा तो त्याच पाण्यात सोडायचा. नळ आल्यावर ते बंद पडलं, पण डाळ निवडताना सापडलेला सोंडा अजूनही घरात कुणी चिरडत नाही. पिठातला किडा, तांदळातली जाळी करणारी अळी, मुगातला भुंगेरा, हे सगळे मी शाळेत जायच्या आधी ओळखत होते. माझं कीटकशास्त्र सुपात सुरू झालं, हे मी कुठल्याही मुलाखतीत सांगायला तयार आहे.

आणि स्थानकात आम्हा मुलांना जिवांची वर्गवारी पाठ करायला लावत. किती इंद्रियं आहेत त्यावर जीव मोजायचा. मुंगीला तीन, स्पर्श, चव आणि वास. माशीला, पतंगाला चार, कारण त्यांना डोळे. अळी मुंगीच्या रांगेत बसायची, तीनवाली. एकदा मी साध्वीजींना विचारलं, की अळीचाच पुढे पतंग होतो, तर मग डोळे मधेच कुठून येतात? सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. साध्वीजी रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मोठी झाली की नीट बघून मला सांग." पुढे कॉलेजात भिंगाखाली पहिल्यांदा अळीचं डोकं बघितलं तेव्हा दोन्ही बाजूंना काळे बारीक ठिपके दिसले. ते डोळेच होते. मी तशीच बस पकडून भोकरदनला गेले. त्या वर्षी योगायोगाने त्याच साध्वीजी आल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "स्वतः पाहिलंस ना?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग तसंच म्हणत जा." माझा धर्म त्या दिवशी एका ठिकाणी चुकीचा ठरला होता आणि मला विज्ञानाकडे ढकलणारा प्रश्नही त्यानेच दिला होता. या दोन्हीतली एकच गोष्ट निवडा असं जे मला सांगतात त्यांच्याशी माझं पटत नाही.

आमचे मार्गदर्शक सर शेतकऱ्याच्या घरातले. कपाशीची बोंडं फोडून आत गुलाबी अळी बघत बघत ते मोठे झाले होते, त्यामुळे त्यांच्या तोंडी किडा हा शब्द फार कमी यायचा, कीड हाच यायचा. प्रत्येक गोष्ट ते नुकसानीत मोजायचे. पानं किती खाल्ली, बोंडं किती गळाली, क्विंटलला किती फरक पडला. माणूस सच्चा, कामाला वाघ. दरवर्षी खंडेनवमीला ते सूक्ष्मदर्शकाला, वजनकाट्याला, अगदी फ्रिजलाही हळदकुंकू लावायचे आणि नारळ फोडायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण माझा प्रस्ताव वाचून त्यांनी जेव्हा मान हलवली आणि म्हणाले, "सोनल, यात तुझा धर्म येऊन राह्यलाय," तेव्हा माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाकडे गेली. गेल्या वर्षीचं कुंकू त्याच्या बुडाशी अजून होतं.

प्रस्तावात मी लिहिलं होतं, की कपाशीतले मित्रकिडे, म्हणजे किडीला खाणारे किडे, मी मारून गोळा करणार नाही, झाडाजवळ बसून जिवंतपणी बघणार आहे. कोण कुणाला खातं, ते शोधायचं होतं. रीत अशी की जाळी फिरवायची, सापडेल ते सगळं किडे मारायच्या बाटलीत टाकायचं, मग प्रयोगशाळेत येऊन मोजायचं. "पेटीत टोचलेले किडे न्हाईत तर समितीपुढे काय ठेवशील?" सर म्हणाले. "तू डोळ्यांनी पाहिलं, हे कोण मान्य करणार?" शेवटी त्यांनी मला एक हंगाम दिला. त्यात हाती काही लागलं तर ठीक, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात बाटली घेऊन पहिल्यापासून सुरुवात. हंगाम धरला जाणार की कचऱ्यात जाणार, यावर माझी पदवी अडकली होती आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं थांबून होतं तेही त्याच पदवीसाठी.

प्रज्ञा माझ्याबरोबर होती म्हणून तो हंगाम निभावला. ती आष्टीची, बौद्ध घरातली. वडील शाळेत शिपाई, आई आणि मावश्या हंगामाच्या दिवसांत कापूस वेचायला जायच्या. वसतिगृहात आमची एकच खोली. तिच्या बाजूच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, माझ्या बाजूला महावीर, आणि मधल्या खिळ्यावर आमची छत्री. तिचा विषय कीटकनाशकाचा अंश. सगळे लोक बोंडावर, सरकीत, मातीत किती अंश राहतो ते तपासत होते. प्रज्ञाने कापूस वेचणाऱ्या बायकांच्या ओटीचं कापड तपासायचं ठरवलं. वेचणारी बाई कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करते, वेचलेला कापूस तीत टाकत जाते, आणि ते फडकं दिवसभर तिच्या पोटाला घासत असतं. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच कापडात कधी भाजी येते, कधी लेकरू झोपतं. हे कुणालाच सुचलं नव्हतं, कारण विषय ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्या आईने ओटी बांधली नव्हती.

सरांनी तिलाही सांगितलं होतं, की हे आपल्या विषयात बसत नाही, कपडे तपासणं हे डॉक्टरांचं काम. ती मला म्हणाली, "बोंडावर पडलेलं औषध विषयात बसतं, आन् त्याच बोंडाला हात लावणारी बाई बसत न्हाई. कापूस काय आपोआप गाठोड्यात जाऊन बसतो का?" सरांसमोर मात्र ती इतकंच म्हणाली, की तपासून तर बघते, नाही निघालं काही तर सोडून देते. तिच्या घरी लहानपणापासून तेच ऐकवलेलं. कुणी कितीही मोठा असो, तपासल्याशिवाय हो म्हणायचं नाही. मला वाटतं, आमच्या दोघींच्या घरांनी आम्हाला जे दिलं त्यात तिचं जास्त कामाचं होतं.

वाटूर फाट्यापासून आत आसाराम मामांचं रान होतं. मामा म्हणजे नात्याने कुणी नव्हे, त्या भागात सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांनी एक तुकडा विनाफवारणी ठेवायला कबूल केलं, तेही बाबूजींच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक म्हणून. पहिल्या दिवशी मी दोन ओळींच्या मधे आसन टाकून बसले तेव्हा ते बांधावरून बराच वेळ बघत राहिले. मग जवळ येऊन विचारलं, "ताई, कुणाची वाट बघून राह्यली?"

"किड्यांची, मामा."

"मंग बसा. त्ये येतेत बराबर. आमच्याकडं त्ये कधी न बोलावता बी येतेत."

बसायचं किती वेळ, हे मी ठरवलंच नव्हतं, ते आधीच ठरलेलं होतं. आमच्याकडे सामायिक करतात. आसनावर बसायचं, दोन घटका हलायचं नाही, कुणाला दुखवायचं नाही, मन जागेवर आणायचं. दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून थोडं जास्त. मी सहावी-सातवीपासून तेवढं बसत आले होते. पायाला मुंग्या आल्या तरी कसं बसून राहायचं, डास चावला तर हात कसा उचलायचा नाही, हे मला कुणी विद्यापीठात शिकवलं नव्हतं. कपाशीत बसले की सुरुवातीचा वेळ काहीच दिसायचं नाही. हिरवी पानं, उन्हाची तिरीप, कुठेतरी दूर ट्रॅक्टर. आपण आल्याचं सगळ्यांना कळलेलं असायचं आणि सगळे दडलेले असायचे. मग कधीतरी पानाखालून एक ठिपक्याठिपक्यांचा ढालकिडा निघायचा. मग दुसरा. मग झाड पुन्हा आपल्या कामाला लागायचं आणि मी त्यातली एक फांदी होऊन जायचे.

त्या रानात मी पाहिलं, की जाळीदार पंखांच्या हिरव्या माशीची बारीक अळी माव्याला पकडते, आतून शोषते आणि रिकामं कातडं आपल्याच पाठीवर चढवून पुढे जाते. पाठीवर मेलेल्यांचा ढीग घेऊन ती माव्यातून फिरते आणि माव्याची राखण करणाऱ्या मुंग्यांनाही संशय येत नाही. जाळीत ही अळी येतच नाही, आली तर तिचं ओझं गळून पडतं आणि बाटलीत उरतो तो एक मळकट ठिपका. मी कोळी पाहिले, सकाळी एका पानावर आणि दुपारी त्याच पानाच्या खालच्या बाजूला. एखादा किडा नीट बघायला काचेच्या नळीत घेतलाच, तर तो ज्या झाडावरून घेतला त्याच झाडावर, त्याच फांदीवर सोडायचा. सरांनी एकदा विचारलं, की सोडायचाच तर कुठेही सोड, एवढा शोध कशाला? मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर विहिरीच्या पायऱ्यांवर होतं आणि ते प्रयोगशाळेच्या भाषेत कसं म्हणायचं हे तेव्हा मला येत नव्हतं. नंतर लक्षात आलं, की त्यामुळेच एकच कोळी किती दिवस एका झाडाला धरून राहतो हे मला सांगता आलं. किडे इकडेतिकडे सोडले असते तर ते कधीच कळलं नसतं.

भाद्रपदात ऊन चढलं, पर्युषण आलं. मी उपास करून रानात बसत होते आणि मनातून फार खूश होते. एका संध्याकाळी खोलीवर प्रज्ञा माझी निरीक्षणं वाचत होती. वाचता वाचता तिने मान वर केली.

"सोनल, तुझे किडे रात्री काय उपास करतेत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे समदं दिवसाचंच लिहिलंय तू. दिवस मावळला की तुझं रान बंद. गुलाबी बोंडअळीचा पतंग तर अंधार पडल्यावरच निघतो ना? मंग त्याला खाणारं कोण हाये त्ये तुला कसं कळावं?"

मी हसायला लागले आणि हसता हसता थांबले. तिचं बरोबर होतं. मला रोज सूर्य मावळायच्या आत फाट्यावर येऊन जेवावं लागायचं, कारण त्यानंतर मी जेवू शकत नव्हते. दिवेलागणीनंतर बाहेर दिवा पेटवून बसणं हे तर आमच्या घरात चातुर्मासात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, दिव्यावर पतंग मरतात. माझ्या धर्माने मला बसायला शिकवलं होतं आणि त्यानेच मला अर्धं रान दाखवलं नव्हतं. अशी चूक आमच्यातलाच कुणी करू जाणे. सरांनी ती केली नसती, आसाराम मामांनी नसती केली, प्रज्ञाने तर नाहीच. पण त्या सगळ्यांच्याही आपापल्या चुका होत्या. सर नुकसान न करणाऱ्या किड्याकडे बघतच नसत. प्रत्येकाच्या घराने काहीतरी दाखवलेलं असतं आणि काहीतरी झाकलेलं. दुसऱ्या घरचं माणूस शेजारी बसलं तरच ते झाकलेलं कळतं, नाहीतर जन्मभर कळत नाही.

त्यानंतर मी दुपारीच जेवून रानात जायला लागले आणि मामांच्या आखाड्यावर, रानातल्या झोपडीत, मुक्कामाला राहू लागले. विजेरीला लाल कागद लावला, तो उजेड किड्यांना फारसा ओढत नाही. अंधार पडता पडता कपाशी वेगळीच व्हायची. जमिनीतून काळे भुंगेरे निघायचे, चिमटेवाले किडे झाडावर चढायचे, आणि दिवसा जे पान रिकामं दिसलं होतं तिथे कुणीतरी कुणाला तरी खात बसलेलं असायचं. घरी मी हे सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. मम्मी दोन दिवस बोलली नाही.

दिवाळीच्या आधी सरांनी सगळं काम पाहिलं. त्यांना ते आवडलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी ते म्हणाले, "समितीपुढे असं जाता येणार न्हाई. शेवटचे दोन आठवडे राह्यलेत. त्याच रानात जाळी मार, बाटलीत घे, आणि दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेव. नसेल करायचं तर हा हंगाम मी धरणार न्हाई." त्यांच्या म्हणण्यात चूक काढायला मी रात्रभर जागले आणि मला ती सापडली नाही. तुलना केल्याशिवाय माझी पद्धत चांगली की वाईट हे मलाही माहीत नव्हतं.

मी भोकरदनला गेले. बाबूजी दुकानात होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सहज मार्ग काढून दिला, त्यांच्या आवाजात माझ्याबद्दलची काळजीच होती. "इतकं काय त्यात, बेटा. तुमच्या लॅबमध्ये कुणी माणूस असेल ना. त्याला थोडा खर्चा दे, तो करेल बाटलीचं काम. तू फक्त मोज. तुला काही लागत नाही."

त्यांच्या मागे फळीवर बाटल्यांची रांग होती. बाबूजींनी जन्मात एक मुंगी मारली नाही. शेतकरी बाटली नेतो, शेतकरी पंप पाठीला लावतो, पाप शेतकऱ्याच्या हाताला लागतं आणि आमचं गाळलेलं पाणी गाळलेलंच राहतं. बी.एस्सी.ला आमच्यातल्या कितीतरी मुली चिरफाडीच्या तासाला शेजारच्या मुलाकडून बेडूक कापून घ्यायच्या आणि आकृती स्वतः काढायच्या. मला फार राग आला. तो बाबूजींचा होता की माझा, तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, "बाबूजी, मारायचंच असेल तर मी माझ्या हाताने मारीन. दुसऱ्याच्या हाताने मारून मी स्वच्छ राहणार नाही." दुकानात एक गिऱ्हाईक होतं. बाबूजींनी त्या गिऱ्हाइकाला पावती करून दिली.

त्या दोन आठवड्यांत मी जाळी मारली. कापसाच्या बोळ्यावर रसायन टाकून बाटलीचं झाकण लावायचं आणि वाट बघायची. ढालकिडा पाय पोटाशी घेतो. कोळी काचेवर चढत राहतो. मी तोंड फिरवलं नाही, कारण ज्याला मी मारतेय त्याच्याकडे न बघणं मला जास्त वाईट वाटलं. प्रज्ञा दोनदा म्हणाली, की दे इकडे, मी करते. मी दिली नाही. मला रडू आलं, आणि रडत रडत मी नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या. ते पाप असेल तर माझ्या नावावर आहे. मी ते आजही वापस मागत नाही.

आणि बाटलीने मला काही दिलं, हे कबूल न करणं खोटेपणाचं होईल. झाडावर बसून जे केवळ काळे उडते ठिपके दिसत होते, त्या गांधीलमाशीच्या जातीच्या अगदी बारक्या माश्या निघाल्या, अळीच्या अंड्यात आपलं अंडं घालणाऱ्या. जिवंतपणी त्यांना ओळखताच येत नव्हतं. त्यांचं नाव मला बाटलीतून कळलं. पण कोण कुणाला खातं, कधी खातं, कुठल्या पानावर थांबतं, यातलं बाटलीला काही माहीत नव्हतं. मी दोन्ही शेजारी शेजारी मांडलं.

समितीपुढे आधी प्रज्ञा गेली, मग मी. प्रज्ञाच्या कापडांत अंश सापडला होता आणि तिने सुरुवातीलाच लिहिलं होतं, की हा प्रश्न आपल्याला का पडला, आपली आई कापूस वेचते म्हणून. समितीतले वयस्कर सदस्य तिला म्हणाले, की हे घरचं कशाला आणायचं, यात राजकारणाचा वास येतो. अर्ध्या तासाने मी गेले. मी लिहिलं होतं, की निरीक्षणाचा वेळ दोन घटकांचा ठेवला, कारण मला लहानपणापासून सामायिकाची सवय आहे. त्याच सदस्यांनी कौतुकाने मान हलवली आणि म्हणाले, "चांगले संस्कार आहेत हो. पण प्रबंधात हे शोभत नाही. वेळ योग्य आढळला, एवढंच लिहा."

बाहेर आल्यावर मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. ती ओठ दाबून ऐकत होती. मग म्हणाली, "बघ. तू बोलली तर संस्कार, आन् मी बोलले तर राजकारण. दोघींनी घरचंच सांगितलं ना?"

मी तिला विचारलं, तू काढणार का?

"वाक्य काढते. एका ओळीपायी माझं वर्ष जाऊ द्यायला माझ्या घरी परवडत न्हाई. पण आईची ओटी निकालात हाये ना. ती कशी काढतेत तेच बघते."

ज्याला परवडतं त्याने तरी अडून बसावं, असं मला त्या व्हरांड्यात ठरवून टाकता आलं. मी पुन्हा आत गेले आणि सांगितलं, की वेळ योग्य आढळला असं मी लिहू शकत नाही, कारण तो मी शोधलाच नव्हता, तो माझ्याबरोबर आला होता. सदस्य म्हणाले, मग तो योग्य आहे हे कशावरून? सामायिक दोन घटकांचं असतं म्हणून किडेही दोन घटकांनीच येतात का? सर खाली बघत होते. प्रश्न खोचक होता, पण खरा होता. मी म्हटलं, तपासते. त्यांनी निकाल पुढच्या वर्षावर टाकला. घरी लग्नाचं बोलणं पुन्हा सुरू झालं आणि मी ते पुन्हा थांबवलं.

दुसऱ्या पावसाळ्यात मी त्याच रानात पाव तास, अर्धा तास, दोन घटका, तास, असं आळीपाळीने बसले. आसाराम मामा म्हणाले, "औंदा तुमचं टायमिंग बिघडलंय ताई, कवा बी उठून राह्यल्या." हंगाम संपल्यावर आकडे मांडले तेव्हा दिसलं, की पाव तास फार कमी पडतो, पण अर्ध्या तासात जे दिसतं तेवढंच दोन घटकांत दिसतं. मी परत परत पाहिलं. माझी इच्छा वेगळी होती, ती का लपवू? दोन घटकांत काहीतरी खास निघावं असं मला मनापासून वाटत होतं. निघालं नाही. मी ते तसंच लिहिलं.

समितीची बैठक भरली. तेच सदस्य, तोच टेबलफॅन. त्यांनी तो भाग वाचला आणि चष्मा काढला. "म्हणजे अर्धा तास पुरतो. तुमची सवय काही उपयोगाची नव्हती. आता तरी ते वाक्य काढायला हरकत नसावी." त्यांनी पेन उघडून माझ्यापुढे सरकवलं. ते काढलं असतं तर त्याच दुपारी सही झाली असती.

सर म्हणाले, "सोनल, आधी ते वाक्य पूर्ण वाचून दाखव."

मी वाचलं. निरीक्षणाचा वेळ दोन घटकांचा ठेवला, कारण निरीक्षक लहानपणापासून सामायिकात तेवढा वेळ न हलता बसत आली आहे; पुढच्या हंगामात तपासून पाहता अर्धा तास पुरेसा असल्याचं दिसून आलं.

"पहिलं अर्धं काढा," सदस्य म्हणाले. "दुसरं राहू द्या. दुसरं विज्ञान आहे."

"पहिलं होतं म्हणून मी दुसऱ्यापर्यंत गेले," मी म्हटलं. "माझं चुकलं कुठे ते मी लिहिलंय सर. मग मी आले कुठून तेही तिथेच राहील. काढायचं तर अख्खं वाक्य काढा आणि दोन्ही हंगाम काढा. एकटं पहिलं निघणार नाही."

मी पेन उचललं नाही. ते उघडंच पडून होतं, मग सदस्यांनी स्वतःच ते घेतलं आणि शेवटच्या पानावर सही केली.